जोसेफ फ्राउनहोफर आणि प्रकाशांतील अढळ खुणा

शाळेच्या प्रयोगशाळेंत बन्सेनच्या दिव्याच्या निळसर ज्योतींत मिठाचा एक कण टाकला कीं ज्योत एकदम पिवळी होते. हा चमत्कार पाहिला नाहीं असा वरच्या वर्गांतील विद्यार्थी क्वचितच सांपडेल. त्या पिवळ्या प्रकाशास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत डी हें अक्षर लाविलेलें असतें. शिक्षक सोडियमच्या डी रेषा असें सांगतात, आपण तें वहींत उतरून घेतों, आणि हें अक्षर तेथें कोठून आलें याचा विचार न करतां पुढच्या प्रयोगाकडे वळतों. ज्या मनुष्यानें तें अक्षर लाविलें त्यानें विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधींच चढली नव्हती. आरसे करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं तो बिनपगारी उमेदवार होता, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीं तो जवळजवळ मेलाच होता.

जोसेफ फ्राउनहोफर याचा जन्म ६ मार्च १७८७ रोजीं बव्हेरियांतील श्ट्राउबिंग या गांवीं झाला. बाप काचकाम करणारा, खिडक्यांस तावदानें बसविणारा; अकरा मुलांत जोसेफ सर्वांत धाकटा. घरची स्थिति बेताचीच होती, त्यामुळें मुलाचा बहुतेक वेळ शाळेपेक्षां बापाच्या दुकानांतच जाई. १७९७ सालीं आई वारली व पुढच्याच वर्षीं बापहि गेला. अकरा वर्षांच्या या पोरक्या मुलास कोणता तरी धंदा लावून देणें एवढेंच काय तें पालनकर्त्यांच्या हातीं उरलें. १७९९ सालीं त्यांनीं त्यास म्यूनिक येथें वाइक्सेलबेर्गर नांवाच्या, दरबारासाठीं आरसे करणाऱ्या कारागिराकडे ठेविलें. उमेदवारीची रक्कम भरण्यास पैसा नव्हता. म्हणून सहा वर्षें काम करावें व पगार मागूं नये असा करार झाला.

त्या काळीं म्यूनिकमध्यें उमेदवार मुलांसाठीं सुटीच्या दिवशीं भरणारी शाळा होती. जोसेफला तेथें जाण्याची फार इच्छा. पण धन्याची परवानगी नाहीं. रात्रीं दिवा लावून पुस्तक वाचण्यासहि मनाई. धनी दुष्टच होता असें म्हणतां येत नाहीं. मुलानें काच घासावी, तिला झिलई द्यावी व निजावें, यापलीकडे उमेदवारास कांहीं हवें असतें हें त्याच्या ध्यानींच येत नसावें. अशा धन्यांचा काळ पुरता गेला आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

२१ जुलै १८०१ रोजीं तें घर कोसळलें. धन्याची पत्नी ढिगाऱ्याखालीं मरण पावली. जोसेफ तुळयांच्या मधल्या पोकळींत अडकून पडला होता. कित्येक तास उकरल्यावर त्यास जिवंत बाहेर काढण्यांत आलें. हें काम चाललें असतां बव्हेरियाचा अधिपति मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः तेथें आला होता. त्यानें या मुलास १८ डुकाट, म्हणजे सोन्याचीं १८ नाणीं, बक्षीस दिलीं. त्याच गर्दींत योसेफ उट्झश्नायडर नांवाचा एक उद्योगी व वजनदार गृहस्थ होता. त्यानें मुलाची चौकशी चालू ठेवून त्यास गणिताचीं व प्रकाशशास्त्राचीं पुस्तकें आणून दिलीं.

फ्राउनहोफरचें भाग्य राजाच्या दानानें उघडलें असें कित्येक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. संकटांतून वांचलेल्या मुलास नाणीं देणारे राजे पुष्कळ झाले. या मुलानें त्या पैशांतून काच घासण्याचें एक यंत्र विकत घेतलें, आणि उमेदवारीचे उरलेले महिने पैसे भरून सोडवून घेतले. तथापि त्याचें प्रत्येक पाऊल शहाणपणाचेंच पडलें असेंहि नाहीं. भेटीस जातांना द्यावयाचीं नांवाचीं कार्डें कोरून छापण्याचा धंदा त्यानें काढला. दिवस लढायांचे, कार्डें घेतो कोण? धंदा बुडाला, आणि पोटासाठीं त्यास पुनः त्याच जुन्या धन्याच्या दुकानांत कामास रहावें लागलें. पुस्तकें मात्र सुटलीं नाहींत.

१८०६ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, उट्झश्नायडरनें त्यास आपल्या कारखान्यांत घेतलें. या कारखान्यांत रायखेनबाख हा नामांकित यंत्रकार भागीदार असून तेथें जमीन मोजण्याचीं व ग्रहतारे पाहण्याचीं उपकरणें तयार होत. बव्हेरियाच्या भूमापनाचें काम तेव्हां जोरांत चाललें होतें, त्यामुळें अशा उपकरणांस मागणी पुष्कळ. परंतु चांगल्या काचेची वाण होती. म्यूनिकच्या दक्षिणेस बेनेडिक्टबॉयर्न येथें बेनेडिक्टाइन संन्याशांचा एक प्राचीन मठ होता. तो १८०३ सालीं सरकारजमा झाला, व पुढें उट्झश्नायडरनें विकत घेऊन तेथें काचेची भट्टी घातली. पिएर लुई गिनां हा स्विस काचकार त्या भट्टीवर होता. वितळलेल्या काचेचा रस मुशींत ढवळीत राहिल्यानें आंतल्या शिरा व रेघोट्या नाहींशा होतात, ही युक्ति त्याची. फ्राउनहोफर तेथें आला, आणि थोड्याच वर्षांत भिंगें घासण्याचें काम, मग भागीदारी, व अखेरीस भट्टीचा कारभारहि त्याच्याकडे आला. जेथें संन्यासी रहात, तेथें हा तरुण काचेच्या मागें लागून जवळजवळ संन्याशासारखाच राहिला. त्यानें लग्न केलें नाहीं.

आतां त्याच्यापुढें कोणती अडचण होती तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण त्याचें सर्व मोठेपण त्या अडचणींतून निघालें.

एकाच भिंगाच्या दुर्बिणींतून ताऱ्याकडे पाहिलें तर ताऱ्याभोंवतीं रंगीत झालर दिसते. याचें कारण असें कीं, काच निळ्या किरणांस अधिक वांकविते व तांबड्यांस कमी. क्राउन व फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांचीं भिंगें जोडलीं तर एकीचा दोष दुसरी भरून काढते. इंग्लंडांत डॉलंड यानें १७५८ सालीं अशा भिंगांचें पेटंट घेतलें होतें. परंतु हीं दोन भिंगें एकमेकांस किती जुळवावीं हें ठरविण्यासाठीं प्रत्येक काच प्रत्येक रंगास किती वांकविते हें अचूक मोजावें लागतें. आणि येथेंच सारें अडत होतें. लोलकांतून निघालेल्या वर्णपटांत तांबडा कोठें संपतो व नारिंगी कोठें लागतो? एकानें एका जागीं मोजावें, दुसऱ्यानें केसभर पलीकडे. त्याच माणसानें सकाळीं एक आंकडा काढावा व संध्याकाळीं दुसरा. शेताची मोजणी करावयाची आणि बांधावर एकहि दगड नाहीं, अशी ही गत होती. जुने कारागीर अंदाजानें भिंगें घाशीत व जुळलें तें खरें मानीत. फ्राउनहोफरला अंदाज नको होता. त्यास रंगांत रोंवलेला दगड हवा होता.

प्रथम त्यानें दिव्यांच्या प्रकाशापासून एकेक रंग वेगळा काढण्याची खटपट केली. ती करीत असतां त्यास दिसलें कीं, दिव्याच्या वर्णपटांत तांबड्या व हिरव्याच्या दरम्यान एक स्पष्ट, पिवळी, चकचकीत रेषा असते. दिवा बदलला तरी ती त्याच जागीं असे. खूण मिळाली! पण ती एकच होती. तशीच रेषा सूर्यप्रकाशांत असेल काय, हें पाहण्यासाठीं १८१४ च्या सुमारास त्यानें अंधाऱ्या खोलीच्या झडपेस एक अरुंद उभी फट पाडली. फटीपासून २४ फूट अंतरावर उत्तम फ्लिंट काचेचा लोलक ठेविला, आणि डोळ्यानें नुसतें पाहण्याऐवजीं थिओडोलाइटच्या दुर्बिणींतून वर्णपट निरखिला. चकचकीत रेषा दिसली नाहीं. उलट, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व वर्णपट असंख्य काळ्या उभ्या रेषांनीं चिरलेला दिसला.

इंग्लंडांत वोलॅस्टन यानें १८०२ सालीं अशा कांहीं थोड्या रेषा पाहिल्या होत्या. त्या रंगांच्या सीमा असाव्यात असें समजून तो तेथेंच थांबला. फ्राउनहोफर थांबला नाहीं. त्यानें ५७४ रेषा मोजल्या, त्यांतील ठळक रेषांस ए, बी, सी, डी अशीं अक्षरें दिलीं, आणि त्यांचा नकाशा स्वतःच्या हातानें कोरून काढला. दिव्याची पिवळी रेषा ज्या ठिकाणीं येई, बरोबर त्याच ठिकाणीं सूर्याच्या वर्णपटांत डी ही काळी जोडरेषा होती. हा आपल्या लोलकाचा दोष तर नसेल? त्यानें फट बदलली, अंतर बदललें, काच बदलली. रेषा आपल्या रंगांतून हालल्या नाहींत. शुक्राच्या प्रकाशांतहि सूर्याच्याच रेषा आढळल्या, आणि तें योग्यच होतें, कारण शुक्राचा उजेड सूर्याकडून उसना घेतलेला. पण व्याध ताऱ्याच्या प्रकाशांत निराळ्याच, रुंद अशा तीन काळ्या पट्ट्या दिसल्या. तेव्हां या रेषा उपकरणांत नसून प्रकाशांतच आहेत हें ठरलें.

त्या कां पडतात, हें मात्र त्यास कळलें नाहीं. तो शोध त्यानें मागून येणाऱ्यांवर सोपविला, व स्वतः आपल्या काचेकडे परत वळला. आतां प्रत्येक रंगांत खूण होती. बी रेषेस ही काच किती वांकविते, डी रेषेस किती, एफ रेषेस किती, हें तो दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत मांडूं लागला. हें सर्व १८१७ सालीं म्यूनिकच्या विद्वत्परिषदेच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालें. काच वितळविण्याची रीति कारखान्याची म्हणून त्यानें आमरण गुप्त ठेविली, आणि इंग्लंडांत फॅरडेसारख्या पुरुषास तशी काच करण्याच्या खटपटींत वर्षें घालवावीं लागलीं. पण रेषा मात्र त्यानें सर्वांस मोकळ्या करून दिल्या. एकाच माणसाचें हें दोन प्रकारचें वर्तन कोणास विसंगत वाटेल. कारखान्यावर अनेकांचें पोट होतें, रेषांवर कोणाचेंच नव्हतें, एवढेंच आम्ही त्याच्या वतीनें म्हणूं.

विद्वत्परिषदेंत त्यास घेण्याची गोष्ट निघाली तेव्हां कांहीं सभासदांनीं हरकत घेतली. ज्यानें विद्यापीठांत अध्ययन केलें नाहीं असा कारागीर आमच्या पंक्तीस कसा बसणार, असा त्यांचा आक्षेप होता. प्रथम दुय्यम प्रतीचें सभासदत्व देऊन त्याची बोळवण झाली. १८२२ सालीं एर्लांगेन विद्यापीठानें त्यास सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, व १८२४ मध्यें राजानें त्यास सरदारकी दिली. ढिगाऱ्यांतून काढलेल्या मुलास नाणीं देणारा तोच हा मॅक्सिमिलियन जोसेफ. तो १८०६ पासून राजा झाला होता.

मानसन्मान येत असतां त्याचें काम थांबलें नव्हतें. बारीक तारा अगदीं समांतर ओढून, व पुढें काचेवर हिऱ्यानें सूक्ष्म रेघा ओढून, त्यानें प्रकाश फांकविण्याची जाळी तयार केली. तिच्या साहाय्यानें १८२१ पासून त्यानें आपल्या रेषांच्या तरंगलांबी मोजल्या. डी रेषेसाठीं त्यानें काढलेली लांबी आजच्या ५८९ नॅनोमीटरशीं जवळजवळ जुळते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. १८२४ सालीं दोर्पाटच्या वेधशाळेसाठीं त्यानें सुमारे २४ सेंटिमीटर रुंदीच्या भिंगाची दुर्बीण पाठविली. तशा प्रकारची ती त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण असून घड्याळाच्या यंत्रानें ताऱ्यामागोमाग आपोआप फिरे. त्याच्या कारखान्यांतून निघालेल्या दुसऱ्या एका उपकरणानें बेसेल यानें १८३८ सालीं एका ताऱ्याचें अंतर ठरविलें. तें पाहण्यास फ्राउनहोफर नव्हता. क्षयानें ७ जून १८२६ रोजीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, तो म्यूनिक येथें वारला. त्याचा जुना भागीदार रायखेनबाख थोड्याच दिवसांपूर्वीं गेला होता; दोघांस शेजारीं शेजारीं पुरण्यांत आलें.

त्यानें सोडलेल्या प्रश्नाचें उत्तर हायडेलबर्ग येथें १८५९ सालीं मिळालें. किर्खहोफ यानें सूर्यकिरणांच्या वाटेंत मिठानें पिवळी झालेली ज्योत धरली, तों डी रेषा उजळण्याऐवजीं अधिकच काळी झाली. तेव्हां उलगडा झाला. सोडियमची वाफ तापली असतां जो रंग बाहेर टाकते, तोच रंग ती पलीकडून येणाऱ्या प्रखर प्रकाशांतून गिळूनहि टाकते. प्रत्येक मूलद्रव्याचे असे ठरलेले रंग असतात. किर्खहोफचा सहकारी बन्सेन, ज्याचा दिवा आपण शाळेंत वापरतों तोच, याच्यासह त्यानें या रीतीनें दोन नवीं मूलद्रव्यें हुडकून काढलीं: १८६० सालीं सीझियम व १८६१ सालीं रुबिडियम. पहिल्याचें नांव त्याच्या आकाशासारख्या निळ्या रेषांवरून, दुसऱ्याचें गडद तांबड्या रेषांवरून पडलें. हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं.

फ्राउनहोफरची जुनी अडचण शंभराहून अधिक वर्षांनीं पुनः उपस्थित झाली, आणि ती अशा एका दिव्यामुळें कीं जो त्यास फार आवडला असता. १९६० सालीं पहिला लेसर पेटला. लेसरचा प्रकाश जवळजवळ एकाच रंगाचा, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा असतो. पण तो एक रंग नेमका कोणता? लेसरचें तपमान किंचित् चढलें, वीज जराशी कमीजास्त झाली, कोठें धक्का बसला, कीं त्याची कंपनसंख्या सरकते. ज्या प्रयोगांत कोट्यवधि कंपनांत एकाचीहि चूक चालत नाहीं, तेथें असा सरकता दिवा कुचकामाचा. पुनः बांधावर दगड हवा होता, आणि तो पुनः वाफेंतच सांपडला.

त्याची योजना अशी. बोटाएवढ्या एका काचनळींत हवा काढून रुबिडियमचा लहानसा कण बंद करून ठेवितात; त्याची थोडीशी वाफ नळींत भरून रहाते. लेसरच्या किरणाचा एक अंश या नळींतून पाठवून पलीकडे त्याचा उजेड मोजतात. लेसरचा रंग रुबिडियमच्या ठरलेल्या रंगाशीं जुळला कीं वाफ तो गिळते व पलीकडे अंधार पडतो. ही फ्राउनहोफरचीच काळी रेषा. फरक इतकाच कीं ती सूर्यावरून न येतां टेबलावरच्या नळींत पडते. आतां एक विजेचें मंडल लेसरला सतत किंचित् इकडे, किंचित् तिकडे हालवून पाहतें. उजेड कोणत्या बाजूस वाढतो व कोणत्या बाजूस घटतो यावरून लेसर खुणेपासून कोणीकडे सरकला हें कळतें, आणि मंडल त्यास लगेच मागें ओढतें. हें सेकंदांत हजारों वेळां चालतें. दावणीस बांधलेलें जनावर खुंट्याभोंवतीं थोडें हालेल, पण दूर जाणार नाहीं. तसा लेसर त्या रेषेशीं बांधला जातो.

तथापि खुंटाच जाड असेल तर काय करावें? वाफेंतील अणु शेंकडों मीटर वेगानें चोहोंकडे धांवत असतात. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी जशी चढी व दूर जाणारीची उतरती ऐकूं येते, तसा धांवत्या अणूस लेसरचा रंग थोडा बदललेला भासतो. त्यामुळें रुबिडियमची जी रेषा स्वभावतः सुमारे ६० लक्ष कंपनें रुंद, ती या धांवपळीनें ५० कोटि कंपनांपर्यंत पसरते. यावर १९७० च्या सुमारास एक सुंदर उपाय निघाला. फ्रान्समध्यें बोर्दे यानें, व अमेरिकेंत हेन्श व शॉलो यांनीं, तो प्रयोगांत आणला. एकाच लेसरचे दोन किरण नळींत समोरासमोरून सोडावयाचे, एक जोरदार व एक मंद. किरणाच्या दिशेनें धांवणाऱ्या अणूस एक किरण चढा दिसतो व दुसरा उतरता. दोन्ही सारखे दिसतात ते केवळ त्यालाच, जो त्या दिशेनें पुढेंहि जात नाहीं व मागेंहि येत नाहीं. अशा अणूंची भूक जोरदार किरण आधींच भागवून टाकतो, म्हणून मंद किरण त्यांच्यामधून सुटतो. त्यामुळें रुंद काळ्या पट्ट्याच्या मध्यावर एक अत्यंत अरुंद उजळ खांच उमटते. लेसर बांधावयाचा तो या खांचेस.

या हेन्शचा जन्म किर्खहोफ व बन्सेन यांच्या हायडेलबर्गचा. १९८६ सालीं तो फ्राउनहोफरच्या म्यूनिकमध्यें प्राध्यापक म्हणून आला, आणि प्रकाशाच्या अचूक मापनाबद्दल २००५ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. वाफेच्या नळीस बांधलेले लेसर आतां जगभरच्या प्रयोगशाळांतून असतात. त्यांच्या योगानें अणूंचा वेग रोखून त्यांस अतिशय थंड करतां येतें; पुण्याच्या आयसर या संस्थेंतहि रुबिडियमच्या अणूंवर असे प्रयोग झालेले आहेत. सेकंदाची व्याख्याहि १९६७ पासून सीझियमच्या अणूवरूनच केली जाते.

बेनेडिक्टबॉयर्नची ती काचभट्टी जपून ठेवलेली असून प्रवाशांस पाहतां येते. आणि रुबिडियमच्या ज्या रेषेस हे लेसर बहुधा बांधतात, तिची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर व कंपनसंख्या सेकंदास सुमारे ३८४ लक्ष कोटि आहे. ती तांबड्याच्याहि पलीकडे, डोळ्यास जेमतेम दिसेल न दिसेल अशा जागीं असल्यामुळें फ्राउनहोफरच्या नकाशांत नाहीं. तरीहि तिची घडण सोडियमच्या त्या पिवळ्या जोडरेषेसारखीच असल्यानें शास्त्रज्ञ तिला डी-दोन असेंच म्हणतात.